एंटरप्राइझची प्रदक्षिणा

अ‍ॅडमिरल कर्क छोट्या यानात बसून आपल्या जुन्या जहाजाला भेटायला निघतो. गोदीत उभं असलेलं एंटरप्राइझ आधी सांगाड्याच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी दिसतं; मग यान वळतं आणि ते अख्खं समोर येतं. बोलणं जवळजवळ नाहीच. जेरी गोल्डस्मिथचं संगीत आणि कर्कचा भारावलेला चेहरा, बस्स. ही प्रदक्षिणा पाचेक मिनिटं चालते. १९७९च्या ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’मधल्या या प्रसंगावरून चाहत्यांत आजही जुंपते. कुणाच्या डोळ्यांत पाणी, कुणाच्या तोंडी जांभई. जांभईवाल्यांनी तर सिनेमाचं नवं बारसंच केलं : ‘द मोशनलेस पिक्चर’.

डोळ्यांत पाणी येणाऱ्यांची बाजू आधी सांगतो, कारण मी त्यांच्यातला. मूळ मालिका एनबीसीवर १९६६ला सुरू झाली आणि ७९ भागांनंतर १९६९ला बंद पडली. तिसरा हंगामसुद्धा प्रेक्षकांनी पत्रांचा भडिमार केल्यावर मिळालेला. खरी फोफावली ती पुनःप्रक्षेपणांतून. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवरही आली. जहाज परत दिसायला मूळ चाहत्यांना दहा वर्षं थांबावं लागलं होतं. एवढ्या काळाने माहेरी आलेलं माणूस दारातूनच घाईघाईने आत शिरतं का?

पण जांभईवाल्यांचंही चुकत नाही. आधी ठरली होती नवी मालिका. ‘स्टार वॉर्स’ने १९७७ला गल्ला भरल्यावर वारं फिरलं आणि तिचा सिनेमा झाला. मुंबईच्या पर्सिस खंबाटा, १९६५च्या मिस इंडिया, यांची निवडही मुळात त्या मालिकेसाठीच झाली होती. ईलियाच्या भूमिकेसाठी त्यांनी डोक्यावरचे केस पार उतरवले. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ यांनी भव्यता भरपूर दिली. मात्र स्पॉक आणि डॉक्टर मकॉय यांची खडाजंगी, मधे अडकलेला कर्क, हे जे बघायला लोक दर आठवड्याला बसत, तेच फार थोडं. सगळे जण पडद्याकडे बघत उभे आणि आपण त्यांच्याकडे.

१९८२च्या ‘द रॉथ ऑफ खान’ने ती उधारी फेडली, तीही पहिल्याच्या पाव खर्चाच्या आसपास. दिग्दर्शक निकोलस मेयर यांनी १९६७चा मालिकेतला ‘स्पेस सीड’ हा भाग पुढे नेला. त्यातला खलनायक खान नूनियन सिंग उत्तर भारतातला, बहुधा शीख असल्याचं मालिकेत म्हटलं होतं. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो मोंताल्बान यांनी! सिनेमात खान एंटरप्राइझवरच्या जुन्या अधिकाऱ्याला, चेकॉव्हला, बघताक्षणी ओळखतो. चाहत्यांनी लगेच बोट ठेवलं : ‘स्पेस सीड’ पहिल्या हंगामातला, चेकॉव्ह आला दुसऱ्यात. मग ओळख कुठली? चेकॉव्ह साकारणारे वॉल्टर कोनिग यांनी गमतीने खुलासा केला की चेकॉव्ह जहाजावर होताच, त्याने खानला स्वच्छतागृहाबाहेर ताटकळत ठेवलं होतं. चूक सापडली, हसून सोडूनही दिली. आवडत्या माणसाची चूक अशीच सोडतात.

न आवडत्याची मात्र सोडत नाहीत. १९८२च्या त्याच सिनेमात काचेपलीकडे स्पॉक मेला आणि परतला तो दोन वर्षांनी, पुढच्या सिनेमात. २०१३च्या ‘इंटू डार्कनेस’ने प्रसंग उलटा केला : काचेपलीकडे कर्क, अलीकडे आक्रोश करणारा स्पॉक. पण थोड्या वेळात खानच्या रक्ताने कर्क जिवंत. हा खान होता गोरा ब्रिटिश नट बेनेडिक्ट कंबरबॅच. त्याच वर्षी लास व्हेगासच्या संमेलनात चाहत्यांनी सगळे सिनेमे क्रमाने लावले, तेव्हा हा तळाला गेला. तिकीटबारीवर त्याने चांगली कमाई केली होती, हे विशेष.

चाहत्यांचा एक जुना ठोकताळा आहे : सम क्रमांकाचा सिनेमा चांगला, विषम फसलेला. २००२चा दहावा ‘नेमेसिस’ आपटला, २००९चा अकरावा गाजला आणि ठोकताळा कोसळला. पण त्या संमेलनातल्या यादीत सातव्या जागी होता १९९९चा ‘गॅलक्सी क्वेस्ट’. हा स्टार ट्रेकचा सिनेमाच नव्हे. अशा मालिकेच्या नटांची आणि चाहत्यांची प्रेमळ टिंगल आहे. त्याला दहावा धरा. ‘नेमेसिस’ अकरावा होतो, २००९चा बारावा, ‘इंटू डार्कनेस’ तेरावा. हिशेब पुन्हा चोख जुळतो.