विजेचा धक्का : एक समजूत आणि शाळेचे काम

खेडोपाडी वीज पोहोचली. तिच्याविषयीचे ज्ञान मात्र त्या वेगाने पोहोचलेले दिसत नाही. एखाद्यास धक्का बसला की ‘विजेने त्याला ओढून धरले’ असेच लोक आजही म्हणतात. ही समजूत निरुपद्रवी नाही. ओढल्या जाणाऱ्यास उलट दिशेने ओढून सोडवावे, असे तीतून ओघानेच सुचते. आई मुलाला धरावयास धावते, भाऊ भावाला. आणि एका घरातून दोन माणसे जातात. म्हणून विजेच्या पाठाचा आरंभ याच समजुतीपासून करणे इष्ट होय.

वीज कोणासही ओढीत नाही. मनुष्याचे स्नायू मुळात सूक्ष्म विद्युत्संदेशांनीच हालतात. बाहेरचा प्रवाह शिरला की ते एकदम आखडतात. मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंहून बळकट असल्याने हात तारेभोवती आवळला जातो आणि मनात असूनही सोडविता येत नाही. यास फार प्रवाह लागतो असेही नाही. जुन्या ६० वॅटच्या दिव्यातून सुमारे २६० मिलिअँपियर प्रवाह वाहतो. हात आवळला जाण्यास १० ते १५ पुरतात, आणि ३० च्या पुढे श्वास व हृदय यांस धोका संभवतो. कोरडी कातडी प्रवाहास बराच अडथळा करते, ओली फारच थोडा. जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. तेव्हा पुस्तकातील धड्याची वाट न पाहता हा पाठ पहिल्या आठवड्यातच घ्यावा.

तारेवरच्या पाखरास काही कसे होत नाही, असे मुले हमखास विचारतात. त्यातच सारे उत्तर आहे. पाखराचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. प्रवाहास पुढे जावयास वाट नसते. माणूस जमिनीवर उभा असतो, व त्याचे शरीर हीच तारेपासून भूमीपर्यंतची वाट होते. त्यास हात लावणारा त्या वाटेचा दुसरा फाटा बनतो. ही वाट फळ्यावर रंगीत खडूने काढून दाखवावी. प्रयोग करावयाचा तो बॅटरीच्या सेलवर व छोट्या बल्बवर. भिंतीतील प्लगवर कदापि नाही.

त्यानंतर नाट्यीकरण घ्यावे. एका मुलाने चिकटल्याचा अभिनय करावा. इतरांनी त्याच्याकडे न जाता मोठ्याने हाक मारीत मेन स्विचकडे धावावे. घरचा मेन स्विच कोठे आहे, हे वडीलधाऱ्यांस विचारून येणे हा त्या दिवशीचा गृहपाठ. स्विच सापडला नाही, तर मोठ्या माणसाने कोरड्या फळीवर उभे राहून कोरड्या काठीने तार दूर सारावी. परंतु हा उपाय घरातील २३० व्होल्टपुरताच. गावाबाहेरून जाणाऱ्या ११,००० व्होल्टच्या तारेपुढे कोरड्या लाकडाचाही भरवसा नाही. ती तुटून पडली तर भोवतालच्या जमिनीतही प्रवाह पसरतो व दोन पावलांमध्ये दाबाचा फरक पडतो. गुरांच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर अधिक, म्हणून ती आधी दगावतात. तेथून निदान १० मीटर दूर राहून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

काही ठिकाणी अंगातील वीज उतरावी म्हणून रुग्णास मातीत पुरतात. शरीरात वीज साठत नाही. प्रवाह तुटताच ती संपली. श्वास बंद असेल तर जाणत्या माणसाने तत्काळ छातीवर दाब देण्यास लागावे व दुसऱ्याने १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.

पालकसभेत अनेक सूचना देण्यापेक्षा एकच गोष्ट मागणे बरे : कपडे वाळत घालण्याची लोखंडी तार काढून टाकावी. ती पत्र्याच्या भिंतीस किंवा विजेच्या खांबास बांधलेली असते. घरात येणाऱ्या वायरचे आवरण झिजले की पत्र्यात व तारेत वीज उतरते, आणि ओले कपडे घेऊन तेथे जाणारी बहुधा घरातील स्त्री असते. नायलॉनची दोरी थोड्या पैशांत मिळते. शाळेच्या आवारातही अशी तार असेल, तर ती सभेपूर्वीच काढलेली असावी.