प्राध्यापक कसे आहेत, हे मोजायचं कसं?

आजच्या भागात कोड कमी आणि प्रश्नावली जास्त आहे. जे बोललो तेच थोडं आवरून खाली लिहिलंय.

दोनेक वर्षांपूर्वी आमच्या टीमकडे एक काम आलं. एका विद्यापीठाला आपल्या कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य आणि कामाची परिस्थिती मोजायची होती. आम्ही फॉर्म बनवला, उत्तरं गोळा केली, डॅशबोर्डवर काटा लावला. काटा हिरव्यात आला आणि सगळे खूश. मी घरी येऊन ताईला कौतुकाने सांगितलं. ताई त्याच विद्यापीठात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. ती म्हणाली, "अरे, मला तर तो फॉर्म आलाच नाही."

बग तिथेच सापडला. ईमेलची यादी आम्हाला पगारपत्रकावरून मिळाली होती. सीएचबीवाल्यांचं बिल वेगळं निघतं, त्यामुळे ते यादीत नव्हते. एजन्सीमार्फत आलेले क्लार्क, सफाई कामगार, वॉचमन हेही नव्हते. म्हणजे ज्यांची नोकरी पक्की त्यांनाच आपण विचारलं, "बरं चाललंय ना?"

आता आमच्यातलेच काही म्हणतील, सँपल मोठं घ्या, रिस्पॉन्स रेट वाढवा. त्याने काही होत नाही. सुटलेली माणसं योगायोगाने सुटलेली नसतात. ज्या कारणामुळे त्यांचे हाल आहेत, त्याच कारणामुळे ती यादीबाहेर आहेत. उरलेल्यांपैकी शंभर टक्के लोकांनी फॉर्म भरला तरी सरासरी चुकीचीच येणार.

बरं, प्रश्न कोणते विचारायचे? आम्ही डब्ल्यूएचओ-५ वापरलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची ही अगदी छोटी प्रश्नावली आहे. पाच विधानं असतात : गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, झोपेतून उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, अशा प्रकारची. प्रत्येकाला ० ते ५ गुण द्यायचे, बेरजेला ४ने गुणायचं, की शंभरपैकी आकडा मिळतो. समजा तुम्ही ३, २, २, १, ३ दिलेत, तर बेरीज ११ आणि गुण ४४. पन्नास किंवा कमी आले तर अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. हे निदान नव्हे, थर्मामीटर समजा.

पण ताप कशाने आला, हे थर्मामीटर सांगत नाही. एवढंच मोजलं तर प्रशासन काय करतं? योगासनांचं शिबिर ठेवतं, तेही शनिवारी!

त्यासाठी कामाबद्दल विचारावं लागतं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा विभागाने, एचएसईने, २००४ मध्ये सहा बाबी ठरवल्या : कामाचा भार, कामावरचं स्वतःचं नियंत्रण, मिळणारा आधार, सहकाऱ्यांशी संबंध, भूमिकेची स्पष्टता आणि बदल कसे केले जातात. त्यावर ३५ प्रश्नांची प्रश्नावली आहे. तिथल्या विद्यापीठ-महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या संघटनेने, यूसीयूने, हीच चौकट सभासदांना लावली, तेव्हा बहुतेक बाबींत विद्यापीठांतली परिस्थिती ठरवलेल्या मापापेक्षा वाईट निघाली. मला यातलं आवडतं ते हे की उत्तर "माणूस कमजोर आहे" असं येत नाही. "इथे भार जास्त आहे, तिथे आधार नाही" असं येतं, आणि त्यावर काहीतरी करता येतं.

आपल्याकडचंच बघा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे आणि एकूण कामाचा आठवडा ४० तासांचा. मधल्या २४ तासांत तयारी, पेपर तपासणं, संशोधन आणि नॅकच्या फायली. कायम प्राध्यापकाला या तासांचा पगार असतो. ताईला घेतलेल्या तासिकेचेच पैसे मिळतात. "कामाचा भार" या एकाच प्रश्नाला दोघांनी "जास्त" म्हटलं, तरी दोघं एकच गोष्ट सांगत नाहीत.

अजून एक चूक आमची होती. फॉर्मवर नाव नव्हतं, म्हणून आम्ही त्याला निनावी म्हणत होतो. पण विभाग, वय आणि लिंग विचारलं होतं. तीन माणसांच्या विभागात चाळिशीतली बाई एकच असेल, तर नावाची गरजच काय? विभागप्रमुखाला दोन मिनिटांत कळतं. माणसाला हे समजतं आणि तो सगळीकडे "उत्तम" टिक करतो. आता आम्ही दहापेक्षा कमी लोकांच्या गटाचा आकडा दाखवतच नाही आणि नको ती माहिती मुळात विचारतच नाही.

पुढच्या फेरीला मी सीएचबीवाल्यांना घ्या म्हणून मागे लागलो. उत्तर आलं, "ते आमचे कर्मचारी नाहीत." तीन मेल आणि दोन मीटिंगनंतर त्यांच्यासाठी वेगळी लिंक मिळाली. या वेळी ३५ प्रश्न ठेवले होते. पाठवण्याआधी ताईला चाचणीसाठी भरायला दिला. रात्री जेवणं झाल्यावर तिने मोबाईलवर भरला आणि विचारलं, "सगळं आहे रे यात. पण जूनमध्ये मला परत बोलावतील का, हा प्रश्न कुठाय?"

खरंच नव्हता. ब्रिटिश प्रश्नावलीत नोकरी राहील की नाही, यावर एकही प्रश्न नाही. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या कॉपसॉक या प्रश्नावलीत मात्र नोकरीच्या असुरक्षिततेचा स्वतंत्र भाग आहे. तो घेतला, मराठी केला आणि ताईकडून तपासून घेतला. तिने एक शुद्धलेखनाची चूकही काढली.