मातीचे मावळे आणि मोहिमेचा खेळ

दिवाळीत कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे किल्ल्यावर नुसते उभेच असतात ना? त्यांना लढवा की! मिनिएचर वॉरगेममध्ये पट्टीने चाल मोजायची, फाशाने वार ठरवायचा. पण खरी गंमत कॅम्पेनची, कारण एका डावाचा निकाल पुढच्या डावात चालत येतो. जवळचा लाल महालच घ्या. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शाहिस्तेखान वाचला, पण बोटं गमावून बसला. औरंगजेबाने त्याला बंगालला धाडलं. पुढचा डाव, जानेवारी १६६४, सुरत. आता तुमच्या फाशाने खान महालातच पडला, तर? सुरतेचा डाव तसाच मांडाल? आणि लाल महालात ज्या मावळ्याचा हात तुटला, तो सुरतेतही एका हातानेच लढणार. फेविक्विक लावायचं नाही!