लघुप्रतिकृतींचा छंद आणि अपूर्ण कामाचे आदानप्रदान : शिरूर व दौंड तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मूळ वस्तूची सर्व मापे एकाच गुणोत्तराने लहान करून घडविलेल्या वस्तूस लघुप्रतिकृती म्हणतात. खेळण्यातील आगगाडी गाडीसारखी दिसली की पुरे होते. प्रतिकृतीत मात्र डब्याची लांबी, दाराची उंची आणि चाकाचा व्यास यांना एकच प्रमाण पाळावे लागते. हा छंद जोपासणाऱ्यांची एक प्रथा लक्षणीय आहे. काम पूर्ण होण्याची वाट न पाहता ते प्रत्येक टप्पा परस्परांना दाखवितात. या प्रथेत हौसेबरोबरच ज्ञान तपासून घेण्याची एक पद्धती आहे, हे प्रस्तुत लेखात शिरूर व दौंड या तालुक्यांतील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट केले आहे.

प्रमाणांचे स्वरूप :
आगगाड्यांसाठी १:८७ व १:१६०, विमानांसाठी १:७२ व १:४८, तर जहाजांसाठी १:३५० व १:७०० ही प्रमाणे जगभर रूढ आहेत. प्रमाण समान असल्यामुळे एकाने केलेले स्थानक दुसऱ्याच्या गाडीस उपयोगी पडते. पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली सर्वांसाठी खुले झाले. एका व्यक्तीची हौस लोकशिक्षणाचे साधन कशी होते, याचे ते जवळचे उदाहरण होय.

दौंड : मापाचा पेच :
दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली, तर दौंड-बारामती हा नॅरोगेज मार्ग १९१४ साली सुरू झाला. दौंड स्थानकाची प्रतिकृती करू पाहणाऱ्यास प्रथम रुळांचाच प्रश्न पडतो. ब्रॉडगेज रुळांमधील अंतर १६७६ मि.मी. असते. १:८७ प्रमाणात ते १९.३ मि.मी. भरते. परंतु या प्रमाणाचे तयार रूळ परदेशांतील १४३५ मि.मी.च्या मार्गांवर बेतलेले असल्याने १६.५ मि.मी.चेच मिळतात. त्यांवर भारतीय इंजिन ठेवल्यास ते अरुंद वाटेवर उभे असल्यासारखे दिसते. उलट ७६२ मि.मी.चा नॅरोगेज मार्ग याच प्रमाणात ८.८ मि.मी. होतो आणि १:१६० प्रमाणाच्या गाड्यांसाठी मिळणारे ९ मि.मी.चे रूळ त्यास बहुतांशी चालतात. म्हणजे मोठा मार्ग अडचणीचा, तर लहान मार्ग सोयीचा ठरतो. तयार रूळ वापरून तडजोड करावी की रूळ हाताने घडवावेत, हा निर्णय आरंभीच घ्यावा लागतो आणि तो इतरांपुढे मांडल्यास त्याची कारणे तपासली जातात.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. दौंड-बारामती मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाल्याने मूळ मार्ग आता मोजता येत नाही. अशा वेळी जुने छायाचित्र, त्यातील एखाद्या ज्ञात मापाच्या वस्तूवरून काढलेली इतर मापे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांची स्मरणे यांवरच भिस्त असते. अर्धवट प्रतिकृती पाहून एखादा जुना कर्मचारी सिग्नलची जागा चुकल्याचे सांगू शकतो. रंग चढल्यावर व सांधे पक्के झाल्यावर तीच सूचना निरुपयोगी ठरते. स्मरणाची साधने वयोमानाने कमी होत असल्याने हा विलंब परवडणारा नाही.

शिरूर : साधने आणि मर्यादा :
शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. प्रत्यक्ष काम करीत शिकणे हे तेथील शिक्षणाचे सूत्र आहे. २००२ साली तेथे फॅब लॅब सुरू झाली. अशा प्रयोगशाळेत संगणकावरील आराखड्यानुसार यंत्राने सुटे भाग कापता येतात. त्यामुळे वस्तूबरोबर तिचा आराखडाही दुसऱ्यास देता येतो आणि झालेली चूक पुढच्या व्यक्तीस दुरुस्त करता येते.

पाबळचे नाव घुमटाकार घरांशीही जोडलेले आहे. अशा घुमटाची १:१० प्रमाणातील प्रतिकृती केल्यास सांध्यांची जुळणी व कोन समजतात. परंतु मजबुतीविषयी तिचा थेट निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. लांबी दहापट कमी होते तेव्हा काडीच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपट आणि एकूण वजन हजारपट कमी होते. साहजिकच तीच सामग्री वापरूनही स्वतःचे वजन पेलण्यात प्रतिकृती मूळ रचनेहून दहापट सरस ठरते. प्रतिकृती मोडली नाही, हा घर भक्कम असल्याचा पुरावा नव्हे.

महाविद्यालयीन उपयोजन :
विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलच्या सुबक प्रतिकृती मांडल्या जातात, बक्षिसे दिली जातात आणि प्रतिकृती पुढे अडगळीत जातात. मूल्यमापन केवळ अंतिम वस्तूचे झाल्यास विद्यार्थी ती विकतही आणू शकतो. त्याऐवजी निवडलेले प्रमाण, प्रत्येक मापाचा आधार, केलेल्या तडजोडी आणि मिळालेल्या सूचनांवरून केलेले बदल यांची दिनांकवार नोंदवही गुणदानाचा मुख्य आधार मानावी. भूगोल, इतिहास, गणित व भौतिकशास्त्र या विभागांना असा प्रकल्प एकत्रितपणे हाती घेता येईल.

समारोप :
शोधनिबंध प्रकाशनापूर्वी तज्ज्ञांकडे पाठविण्यामागे जो हेतू असतो, तोच हेतू हे छंदिष्ट अपूर्ण काम दाखवून साध्य करतात. पूर्ण झालेली प्रतिकृती कौतुकास पात्र ठरते. अपूर्ण प्रतिकृती मात्र दुरुस्तीस वाव देते. परिसरातील नाहीशा झालेल्या वास्तू व मार्गांचे ज्ञान जपावयाचे असेल, तर काचेच्या पेटीतील प्रतिकृतीइतकीच तिच्या घडणीची नोंदही जपली पाहिजे.