शिंगराचा कळपातील प्रवेश

शिंगराचा कळपातील प्रवेश म्हणजे नवजात किंवा नव्याने आणलेल्या शिंगराची निरनिराळ्या वयाच्या घोडे-घोड्यांच्या एकत्र गटाशी क्रमाक्रमाने ओळख करून देणे होय. शिंगरू हा शब्द मराठीत घोड्याच्या तसेच गाढवाच्या पिलासाठीही रूढ आहे. येथे तो घोड्याच्या पिलापुरता योजला आहे. घाईने झालेल्या प्रवेशात एका लाथेने शिंगराचा पाय किंवा जबडा मोडू शकतो. उलट प्रवेश टाळून ते एकटे वाढवले, तर स्वजातीचे इशारे न शिकलेला, माणसांवरही पाय उगारणारा घोडा तयार होण्याचा धोका असतो. पालकाला या दोहोंमधून मार्ग काढावा लागतो.

मिश्र कळप

मोकाट घोड्यांच्या कळपात सामान्यतः एक वळू घोडा, काही घोड्या आणि त्यांची पिले असतात. तेथील वळू बहुधा शिंगराचा बाप असतो व कळपाचे रक्षण करतो. माणसाने पाळलेल्या गटाची घडण वेगळी असते. त्यात घोड्या, खच्ची केलेले घोडे, अर्धवट वाढलेली जनावरे, क्वचित खेचरेही एकत्र असतात; त्यांचे परस्परांशी नाते नसते आणि खरेदी-विक्रीमुळे गट वरचेवर बदलतो. अशा गटातील नरांना शिंगराविषयी आपलेपणा असेलच असे नाही. परके शिंगरू वळूने मारल्याच्या नोंदी प्रझेवाल्स्की घोड्यांमध्ये झाल्या आहेत. त्यामुळे शिंगराचा बाप नसलेला वळू या गटात ठेवला जात नाही. खच्ची घोड्यांपैकी बरेच शांत असतात, परंतु काही जण शिंगराचा पाठलाग करतात. खच्ची केले म्हणजे स्वभाव निवळलाच, हा समज भरवशाचा नाही.

पहिले दिवस

घोडीचा गर्भकाळ सुमारे ११ महिन्यांचा असतो. निरोगी शिंगरू जन्मल्यापासून साधारण एका तासात उभे राहते व दोन तासांत दूध पिऊ लागते. घोडीच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्ये गर्भाला मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळतात आणि शिंगराचे आतडे ती जेमतेम पहिले २४ तास शोषू शकते. म्हणून पहिल्या दिवशी कळपाचा विचार दूर ठेवून शिंगरू चीक प्याले की नाही, एवढेच पाहायचे असते.

घोडी वासावरून आपले पिलू काही तासांत ओळखू लागते. पिलाला मात्र आई नेमकी ओळखण्यास काही दिवस लागतात. तोवर ते जवळून हलणाऱ्या कोणत्याही मोठ्या आकृतीमागे जाऊ शकते. या दिवसांत गर्दीत सोडल्यास ते दुसऱ्या घोडीमागे जाते, किंवा एखादी वरचढ घोडी त्याला आपल्याकडे ओढून नेते, आणि खरी आई दुधाने तट्ट भरलेली राहूनही पिलू उपाशी राहते. या कारणाने मायलेकरांना प्रथम काही दिवस वेगळे, पण इतर घोडे दिसतील असे ठेवतात. विण्यानंतर साधारण ७ ते १२ दिवसांत घोडी पुन्हा माजावर येते. त्या काळात नर अस्वस्थ होतात, म्हणून प्रवेशासाठी तो आठवडा निवडत नाहीत.

घोड्याचे पिलू वासराप्रमाणे आडोशाला दडून राहत नाही. ते आईच्या मागोमाग चालते. ‘शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण याच निरीक्षणातून आली आहे. ओझे घोडी वाहते, तिच्या खेपांमागे रिकामे धावणारे शिंगरू मात्र थकून मरते. म्हणीचा व्यवहारातील अर्थ निष्फळ येरझाऱ्या असा असला, तरी अश्वपालनाच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. कळपात नव्याने सोडलेल्या घोडीला इतरांनी दिवसभर हुसकावले, तर तिच्याबरोबर शिंगराचीही दमछाक होते आणि त्याला ना दूध पुरेसे मिळते, ना झोप. शिंगराचा प्रवेश हा आधी त्याच्या आईचा प्रवेश असतो, तो या अर्थाने. कळपात आधीपासून रुळलेल्या, मान असलेल्या घोडीचे पिलू सहज सामावले जाते. घोडीच नवखी असेल, तर ती विण्याच्या बऱ्याच आधी कळपात रुळवणे इष्ट ठरते.

कळपाची भाषा

कळपातील मान मुख्यतः चारा, पाणी आणि जागा यांवरून ठरतो, आणि तो दाखवण्यासाठी बहुतेक वेळा कान मागे पाडणे किंवा मान पुढे काढणे पुरते. समोरच्याने बाजूला व्हायचे, एवढाच त्याचा अर्थ. बाजूला होण्यास जागाच नसेल, तेव्हा इशाऱ्याची लाथ होते. शिंगराजवळ यावर एक खास उत्तर असते. मोठ्या घोड्यासमोर ते मान लांबवून, ओठांचे कोपरे मागे ओढून जबड्याची भराभर उघडझाप करते. दात दिसत असल्याने नवख्या पालकाला हा चावण्याचा पवित्रा वाटतो. प्रत्यक्षात ती लहानपणाची कबुली आहे. पुष्कळ घोडे तेवढ्यावर शिंगराकडे दुर्लक्ष करतात, सगळेच करतात असे नाही. वय वाढते तशी ही हालचाल कमी होत जाते.

खेळताना किती जोराने चावावे, कोणाच्या मागून जाऊ नये, कोणाची मान खाजवावी, या गोष्टी शिंगरू मोठ्यांकडून व समवयस्कांकडून शिकते. एकमेकांच्या मानेच्या मुळाशी खाजवल्याने घोड्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे आढळले आहे.

प्रवेशाची पद्धत

पहिली भेट कुंपणाआडून घडवतात. कुंपण शिंगराला स्पष्ट दिसेल असे असावे. काटेरी तार सर्वांत वाईट, कारण घाबरलेले शिंगरू तिच्यात शिरते. पुढे सर्व कळप एकदम न आणता एखादी वयस्क, शांत घोडी मायलेकरांच्या कुरणात सोडतात. ती जोडी काही दिवस स्वस्थ चरू लागली की एकेक जनावर वाढवतात. ज्या घोड्याने पाठलाग केला त्याला काढून घेऊन शेवटी आणतात. भेटीच्या वेळी कळप चरून तृप्त असावा, मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत, आणि चाऱ्याचे ढीग जनावरांच्या संख्येपेक्षा अधिक व परस्परांपासून दूर असावेत. कुरणाला निमुळता कोपरा असल्यास तो बंद करतात. बहुतेक गंभीर इजा शिंगरू कोपऱ्यात अडकल्यावर होतात. माणसाने बाहेरून लक्ष ठेवावे. मध्ये धावत गेल्यास घोडी अधिक बिथरते.

मराठी मुलखातील जुन्या पागांत घोडे आगाडी-पिछाडीने, म्हणजे पुढून व मागून दोर लावून, ओळीने बांधले जात. बांधलेल्या घोड्याला दूर सरकता येत नाही, म्हणून मोकळे शिंगरू त्याच्या मागून गेल्यास तो लाथ झाडतो. आजच्या दावणीलाही हीच सावधगिरी लागू आहे.

आईविना आलेले शिंगरू

नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे दत्तजयंतीला तापीकाठी, आणि नांदेड जिल्ह्यातील माळेगाव येथे खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. बाजारातून आणलेले जनावर थेट कळपात सोडणे हा सर्वांत महाग पडणारा निष्काळजीपणा होय. स्ट्रँगल्स, अश्व-इन्फ्लुएंझा हे रोग अशा मार्गाने पसरतात. ग्लँडर्स तर माणसालाही होतो आणि त्याची खबर शासनाला देणे बंधनकारक आहे. म्हणून नव्या जनावराला किमान दोन-तीन आठवडे पूर्ण वेगळे ठेवून पशुवैद्यकाकडून तपासून घेतात. ग्लँडर्सच्या निदानाचे काम हरियाणातील हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते.

बाटलीवर वाढवलेल्या पोरक्या शिंगराचा प्रश्न निराळा असतो. ते माणसालाच कळप समजू लागते. लहानपणी गोड वाटणारी त्याची धडक वर्षभराने धोक्याची होते. त्याला शक्य तितक्या लवकर एका सहनशील मोठ्या घोडीच्या सहवासात ठेवतात, मग ती दूध देणारी नसली तरी चालते. एका वयाची शिंगरे एकत्र कोंडल्याने शिस्त येत नाही. त्यांच्यात मोठे जनावर असले की आपसांतील आक्रमकता कमी होते.

दूध तोडणे व नर शिंगरे

पालक सामान्यतः ४ ते ६ महिन्यांनी दूध तोडतात; निसर्गात ते बरेच उशिरा, पुढच्या वेताच्या आसपास तुटते. कळपात रुळलेल्या शिंगराची आई काढून घेतली आणि ओळखीचा कळप तसाच ठेवला, तर ताण कमी होतो. आई व कळप दोन्ही एकाच दिवशी तोडणे टाळावे. नर शिंगरू साधारण वर्षाचे झाल्यावर ते खच्ची करणे किंवा घोड्यांपासून वेगळे ठेवणे आवश्यक होते.

महाराष्ट्रात आणि सिंधुदुर्ग किनाऱ्यावर

भटक्या मेंढपाळ धनगरांच्या वाड्याबरोबर सामान वाहणाऱ्या घोड्या असतात. भीमा खोऱ्यातील भीमथडी ही दख्खनी जात मुख्यतः त्यांनीच जपली. येथे शिंगरू जन्मापासून घोड्या, मेंढ्या व कुत्री यांच्यात मोकळे चालते. वेगळा प्रवेश घडवण्याची वेळच येत नाही.

सिंधुदुर्गातील मालवण किनाऱ्यावर परिस्थिती याच्या उलट आहे. खाड्या, भातखाचरे आणि डोंगरउतार यांच्या या मुलखात घोडा पूर्वीपासून विरळ. शेतीला बैल व रेडे. जेथे एखाद-दुसरी घोडी पाळली जाते, तेथे शिंगराला कळपच मिळत नाही. गाय वा शेळीची सोबत त्याचा एकटेपणा कमी करते, पण घोड्याचे इशारे शिकवू शकत नाही. त्यातच जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्यावर खूर घसरतो. भेट गोठ्यातच घडवल्यास हुसकावलेल्या शिंगराला पळायला वाट नसते. त्यामुळे पाऊस उघडल्यानंतर, सड्यावरचे गवत हिरवे असेतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात ही ओळख उघड्यावर करून देणे सोयीचे. जांभ्याचा गडगा कुंपण म्हणून तारेपेक्षा बरा. मात्र तो शिंगराला उडी मारता येणार नाही इतका उंच आणि ढासळलेल्या जागा बुजवलेला हवा.