गायीच्या गळ्यात कुंपण

न्यूझीलंडच्या काही डेअरी फार्मवर आता कुंपण गायीच्या गळ्यात असतं! सोलरवर चालणारा, जीपीएस बसवलेला पट्टा. शेतकऱ्यानं फोनवर कुरणाच्या नकाशात रेघ मारायची. गाय रेघेजवळ गेली की पट्टा वाजतो. तरी पुढे गेलीच तर विजेचा सौम्य झटका. हळूहळू गायी नुसत्या आवाजावर मागे फिरायला शिकतात. 'हॉल्टर' ही तिथली कंपनी. नॉर्वेची 'नोफेन्स'ही असेच पट्टे बनवते. तिची सुरुवात शेळ्यांपासून झाली.

गॅजेट भारीच. पण रेघ सरकवायची कधी? ते गवताची पानं सांगतात. तिथल्या रायग्रासच्या एका फुटव्यावर साधारण तीनच पानं जिवंत राहतात; चौथं फुटलं की पहिलं वाळतं. गाय चरून गेली की गवत बुडख्यात साठवलेल्या साखरेच्या जोरावर नवं पान काढतं. तेवढ्यात ती पुन्हा आली, तर साठा भरायच्या आतच संपतो. असं वारंवार झालं की मुळं खुजी होतात, गवत विरळ होतं. म्हणून दोन-तीन पानं आली की गायी सोडायच्या आणि साधारण चार सेंटिमीटर गवत उरलं की हलवायच्या. उंची मोजायला 'प्लेट मीटर' असतो, म्हणजे काठीवर वरखाली सरकणारी थाळी. ती टेकवत कुरणभर फिरायचं. पानं मोजायला तर फक्त खाली बसावं लागतं.

गवताला हवी ती उसंत. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ती चराईबंदीतून दिली. डोंगरावर जनावर सोडायचं नाही, गवत विळ्यानं कापून गोठ्यात आणायचं. गवत वाढलं, दूधही वाढलं. तेही पट्टा-बिट्टा काही नसताना, गावानं मिळून ठरवलं म्हणून.

तरी हे सगळ्यांना जमेलच असं नाही. न्यूझीलंडचा शेतकरी स्वतःच्या जमिनीवर रेघ मारतो. आपलं गायरान सगळ्यांचं. माझ्या गायीला पट्टा आणि शेजारची मोकाट, तर राखलेलं गवत कोण खाणार? आणि शंभर मेंढ्या घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगरानं कापलेलं गवत रोज आणायचं कुठून? त्याचा कळप मुळातच चालता, पुढे गेला की मागचं कुरण मोकळं होतं. त्याच्या वाटेवरची कुरणं एकेक करून बंद झाली, तर उरलेल्या तुकड्यावर सगळे कळप येतात आणि तिथल्या गवताला पहिलं पानही नीट काढता येत नाही.