तारलं ते जोडधंद्यानं

२५ मार्च २०२० पासून करोनामुळे देशभर टाळेबंदी लागू झाली, तेव्हा कोकणातला मे महिन्याचा हंगाम तोंडावर आला होता. मालवण, तारकर्ली, गणपतीपुळे इथल्या घरगुती निवासांची बरीचशी कमाई दिवाळी, नाताळ आणि मे या सुट्ट्यांमध्येच होते. त्यातला मे हातचा गेला. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि पुढच्या वर्षी, दुसरी लाट ओसरायच्या आत, मे महिन्यातच तौक्ते चक्रीवादळ आलं. एवढं होऊनही यातले पुष्कळ छोटे व्यावसायिक टिकून राहिले. याचं श्रेय नव्या कल्पनांना आणि ऑनलाइन विक्रीला देण्याची पद्धत पडली आहे. मला ते अर्धंच खरं वाटतं. ज्या घरात पर्यटन हे तीन-चार उत्पन्नांपैकी एक होतं ते घर सावरलं. ज्याचा सगळा भार पर्यटनावर होता त्याला नुसत्या कल्पकतेनं फारसं काही करता आलं नाही.

घरगुती निवासाचा हिशोबच बघा. राहत्या घराला जोडून बांधलेल्या दोन-चार खोल्या, जागेला भाडं नाही, स्वयंपाक घरातल्याच बायका करतात. पाहुणे यायचे थांबले की वीजबिल, डागडुजी आणि असलाच तर कर्जाचा हप्ता, एवढाच खर्च उरतो. त्यात एप्रिल-मे म्हणजे हापूसचे दिवस. बाजार समित्यांचा व्यवहार अडखळला तेव्हा अनेक बागायतदारांनी आंब्याच्या पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये पोचवल्या. खोल्या भाड्यानं देणाऱ्या बागायतदाराकडे तर गिऱ्हाइकांची यादी तयारच होती: दरवर्षी येणाऱ्या पाहुण्यांचे फोन नंबर. ज्या घरची सोलकढी आपण प्यायलो आहोत, तिथलं आगळ, मालवणी मसाला, फणसपोळी मागवताना माणूस फार चौकशा करत नाही. घेतलेला ॲडव्हान्स परत न करता तारीख पुढे ढकलण्याची विनंतीही अशाच ओळखीवर करता येते. मोबाइल हे साधन होतं; भांडवल होतं ते आधी जपलेल्या संबंधांचं.

आता माथेरान घ्या. तिथं मोटारींना बंदी, म्हणून तेव्हा प्रवासी घोड्यावरून किंवा हातरिक्षातून फिरत असे. प्रवासी नाही तर कमाई शून्य, पण घोड्याला रोज चारा आणि भुसा लागतोच, नालही वेळेवर ठोकावी लागते. खोली कुलूपबंद ठेवता येते. घोडा उपाशी ठेवता येत नाही. कर्जावर गाडी घेतलेल्या पर्यटक टॅक्सीवाल्याचंही तेच. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातले हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. व्याजावरच्या व्याजाचा भार नंतर केंद्र सरकारनं उचलला, पण मूळ व्याज चालूच राहिलं आणि गाडी मात्र दारात उभी.

यावर कोणी म्हणेल की सरकारनं मदत केलीच होती. केली, पण ती कोणापर्यंत पोचू शकत होती ते पाहायला हवं. २८ जून २०२१ रोजी केंद्रानं जाहीर केलेल्या कर्ज हमी योजनेत पर्यटन कंपन्यांना १० लाखांपर्यंत आणि परवानाधारक मार्गदर्शकांना १ लाखापर्यंत कर्ज होतं. लाभार्थी धरले होते साधारण ११ हजार, तेही सरकारमान्य. घोडेवाला, होडीवाला, हातरिक्षा ओढणारा या व्याख्येत बसत नव्हता. शिवाय ज्याची कमाईच बंद आहे त्याला आणखी कर्ज देणं म्हणजे आजची अडचण उद्यावर ढकलणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. चार कामं एकदम करणारा माणूस कशातच मोठा होत नाही, आणि घरगुती निवास स्वस्तात टिकतो तो घरातल्या बायकांच्या बिनपगारी कष्टांवर. हे मला मान्य आहे. पाहुण्यांचं जेवण त्यांचं, आणि पाहुणे यायचे थांबल्यावर विकायला काढलेला मसालाही त्यांनीच कांडलेला. त्यांच्या श्रमाचा दाम खोलीच्या दरात धरला पाहिजे, नोंदणीवर त्यांचं नाव हवं. पण म्हणून जोडधंदा सोडून एकाच धंद्यात कर्ज काढून उतरा, हा सल्ला धोक्याचा ठरतो. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्रानं कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं, त्यात शेती आणि पर्यटन यांची सांगड मान्य झाली, हे चांगलंच झालं. मात्र ज्याच्या नावावर शेत नाही, त्याला या धोरणाचा उपयोग नाही. सरकारी आदेशानं पर्यटन थांबतं तेव्हा त्याला कर्जाऐवजी थेट निर्वाह भत्ता आणि जनावरांसाठी चारा मिळायला हवा, आणि त्यासाठी घोडेवाले, होडीवाले यांच्यासारख्यांची नोंद ग्रामपंचायत-नगरपरिषदेत आत्ताच, साथ नसताना, व्हायला हवी.